सव्वापाचची बस

नकार आला की माणूस मोकळा होतो. दोन दिवस कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, तिसऱ्या दिवशी पुढच्या अर्जाला लागतो. घसघशीत ऑफर आली तर प्रश्नच नाही, पेढे येतात. घोळ घालते ती मधली ऑफर. पगार वाईट म्हणता येत नाही आणि चांगला म्हणवत नाही. कंपनी बुडीत नाही, तशी कुणाला ठाऊकही नाही. काम जमणार नाही असं नाही, पण ते केलं काय आणि न केलं काय, जगाला पत्ता लागणार नसतो. अशी ऑफर ज्या घरात येते त्या घरात दोन्ही वेळच्या जेवणाला तोच विषय वाढला जातो.

आमच्या ताईकडे ती आली तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो, त्यामुळे मला पळता आलं नाही.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. शेवटच्या वर्षाला त्याने रोबोटचा हात बनवला होता. तो हात टेबलावरचा कप उचलून दुसरीकडे ठेवायचा. कप बहुतेक वेळा शाबूत राहायचा. पहिली नोकरी लागली त्या कंपनीने वर्षभरात त्याचं अख्खं डिपार्टमेंटच गुंडाळलं. मग काही महिने घरी, आणि आता ही ऑफर: चाकणला, रबरी ग्रोमेट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात.

ग्रोमेट काय असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. गाडीतली वायर जिथे पत्र्याच्या भोकातून पलीकडे जाते तिथे पत्र्याच्या धारेने ती कापली जाऊ नये म्हणून भोकात एक रबरी कडं बसवतात. ते ग्रोमेट. मी खाली जाऊन माझ्या गाडीचं बॉनेट उघडून बघितलं. होतं. इतकी वर्षं गाडी वापरतोय, त्या कड्याने एकदाही माझं लक्ष वेधून घेतलं नव्हतं. आता हे कडं गाडीच्या कंपनीने विकत घ्यावं म्हणून आधी ‘पीपॅप’ नावाची फाइल द्यावी लागते आणि तिच्यात अठरा प्रकारचे कागद लागतात: ड्रॉइंग, मापं, रबराचे दाखले, कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता, असं बरंच. भाच्याचं काम ही फाइल बनवण्याचं. भोकाच्या कड्याला अठरा कागद! मला बँकेत चिकटताना याच्या निम्मेही लागले नव्हते.

एचआरच्या बाई फोनवर फार गोड होत्या. “यू मस्ट बी सो एक्सायटेड!” म्हणाल्या. भाचा “येस मॅम” म्हणाला, शाळेत हजेरी देतात त्या सुरात. मग मेल आली. तिच्यातही कंपनीला अतोनात आनंद झालेला होता. तीन दिवसांत होकार कळवावा, नाहीतर ऑफर रद्द समजावी, एवढाच त्या आनंदाचा मुक्काम. भाच्याने विनंती करून तो आठवड्यावर नेला आणि त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना कामाला लावलं.

पॅकेज सहा लाख. पूर्वी पगार महिन्याचा सांगायचे, तोही आडून आडून विचारला तरच. आता वर्षाचा सांगतात, आणि शेजारीपाजारी लिफ्टमध्ये विचारतात. ताईने लगेच बाराने भागलं. “पन्नास हजार! अरे मग अडलंय कुठे?”

भाच्याने पेन्सिल घेतली. पन्नासातले पाच हजार व्हेरिएबल; ते वर्षाअखेरी कंपनीची तब्येत आणि साहेबाची मर्जी बघून. मूळ पगार पंचवीस हजार, त्याच्या १२ टक्के म्हणजे तीन हजार रुपये पीएफला जाणार. कंपनीही स्वतःच्या वाट्याचे तीन हजार भरणार, पण ते याच्याच पॅकेजमध्ये मोजून. मग ग्रॅच्युइटी, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, साधारण बाराशे रुपये. ही सलग पाच वर्षं काढली तर मिळते. पाच दिवसांत होय-नाही ठरवता येत नव्हतं त्या मुलाच्या पाच वर्षांनंतरचे पैसे कंपनीने आत्ताच त्याच्या पगारात धरले होते. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर अडीच हजार होतात. वर्षातला सगळ्यात आखूड महिना हुडकून त्यात शंभर रुपये जास्त घेणाऱ्याला विनोदबुद्धी नव्हती असं कोण म्हणेल? शेवटी बस, कॅन्टीन आणि विम्याचे किरकोळ वजा जाता हातात सदतीस हजार.

ताई म्हणाली, “सदतीस तर सदतीस. घरी बसून किती मिळतात?” हा हिशेब पेन्सिलीशिवाय झाला होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

सल्ला मात्र प्रत्येकाने आपापल्या आयुष्यातून काढून दिला. भावजींनी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून व्हीआरएस घेतलेली. ते म्हणाले, “घे. नोकरीत असलेल्यालाच नोकरी मिळते. रिकाम्या माणसाला पहिला प्रश्न ‘गॅप का आहे’ हाच विचारतात.” आजींनी कंपनीचं नाव तीन वेळा विचारलं. टेल्को, बजाज, किर्लोस्कर यांच्या पलीकडे जे काही आहे ते वर्कशॉप, अशी त्यांची औद्योगिक पुण्याची व्याख्या आहे. टेल्कोचं नाव २००३ सालीच बदललं, हे त्यांना सांगायची आमच्या घरात कुणाची छाती झालेली नाही. मित्रांपैकी एक आखेनला एमएस करतोय. त्याने तिकडून कळवलं, “काही झालं तरी कोअर सोडू नको.” दुसरा मेकॅनिकल सोडून हिंजवडीला आयटीत गेलेला. तो भूमकर चौकात अडकलेला असताना निवांत बोलला, “कोअरमध्ये काय ठेवलंय? पायथन शीक.” दोघांच्या आवाजातलं दुःख सारखंच होतं.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती गुरुवारची. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेचा भार वेगवेगळ्या दिवसांवर वाटून घ्यायच्या जुन्या व्यवस्थेतून ही पद्धत आली आणि राहिली. भाच्याला वाटत होतं, रविवारी सगळे मित्र सिंहगडावर झुणका-भाकरी खाणार आणि आपण त्या वेळी रबराची मापं घेणार. ताईचा मुद्दा दूरदृष्टीचा होता: उद्या स्थळं बघायची तर कार्यक्रम रविवारीच ठरतात. लगेच तिनेच दुसरी बाजूही मांडली. मार्गशीर्षातले गुरुवार हा घरी असेल, डहाळ्या आणि फळं आणून देईल. एका गुरुवारवर एवढा साधकबाधक विचार मी बँकेच्या बोर्डाच्या बैठकीतही ऐकला नव्हता. अर्थात मला तिथे कधी बोलावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

भाच्याने अखेर एक्सेल उघडलं. पगार, अंतर, शिकायला काय मिळेल, कंपनीचं नाव, तब्येत, पुढची संधी, असे रकाने आणि प्रत्येकाला वजन. साठ गुण पडले तर घ्यायची. पडले एकसष्ट पॉइंट चार. त्याचा चेहरा पडला. मग त्याने ‘अंतर’ला थोडं जास्त वजन दिलं, कारण कोथरूडहून चाकण तीसेक किलोमीटर आणि वाटेत नाशिक फाटा. झाले अठ्ठावन्न. तेव्हाही चेहरा पडलाच. मी म्हटलं, “हे यंत्र चांगलं आहे. काहीही विचारलं तरी दुःखच देतं.”

गंमत म्हणजे हे यंत्र जुनं आहे, आणि पहिल्यांदा गाजलं ते नोकरीच्या ऑफरवरूनच. १७७२ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक लीड्सच्या चर्चमध्ये बऱ्यापैकी स्थिरावलेला होता. त्याला लॉर्ड शेलबर्न नावाच्या बड्या सरदाराने बोलावणं धाडलं: घरचा ग्रंथसंग्रह लावायचा, मुलांच्या शिक्षणावर देखरेख ठेवायची. पगार जास्त, काम असं की ऐकूनच जांभई यावी. प्रीस्टलीला ठरवता येईना. त्याने मित्राला पत्र टाकलं. मित्र होता बेंजामिन फ्रँकलिन. फ्रँकलिनने उलट कळवलं की, तू काय करावंस हे पुरेशी माहिती नसताना मला सांगता येणार नाही, पण कसं ठरवावंस ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मार. एकीकडे बाजूचे मुद्दे, दुसरीकडे विरोधातले. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जा. मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जा, उरेल ती बाजू खरी. सल्ला द्यावा तर असा! उद्या काही बिनसलं तर दोष रेघेचा.

प्रीस्टलीने ती नोकरी घेतली. १७७४ च्या ऑगस्टमध्ये शेलबर्नच्याच बोवुड इथल्या वाड्यात, पुस्तकं लावून उरलेल्या वेळात, त्याने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची लाल भुकटी तापवली आणि जो वायू निघाला त्याला आपण आज ऑक्सिजन म्हणतो. मी ही गोष्ट रंगवून सांगितली. भाचा म्हणाला, “मामा, त्याला तिथे प्रयोगशाळा होती. मला पीपॅप आहे.”

त्याच्याकडे याहून आधुनिक अस्त्र होतं. सदतीस टक्क्यांचा नियम. एकामागून एक संधी येणार असतील, सोडलेली परत मिळणार नसेल आणि एकूण किती येणार हे ठाऊक असेल, तर पहिल्या ३७ टक्के नुसत्या बघायच्या आणि सोडायच्या. त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस अशी पहिली जी येईल ती धरायची. गणितज्ञ याला लग्नाचं कोडंही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, कारण नोकरीचा इंटरव्ह्यू आणि कांदेपोहे यांत फरक एवढाच की इंटरव्ह्यूला पोहे मिळत नाहीत. दोन्हीकडे समोरचा “आम्ही कळवतो” म्हणतो. केप्लर, तोच ग्रहांच्या कक्षांचा, पहिली बायको १६११ साली वारल्यावर दुसरी शोधायला निघाला तेव्हा त्याने अकरा स्थळं पाहिली. इतकी पाहून १६१३ साली लग्न केलं ते पाचव्या क्रमांकाच्या सुझानाशी. आकाशातल्या ग्रहांचंही त्याचं असंच सावकाश ठरत असे.

या नियमाची एक बाजू लोक सांगायला विसरतात. तो काटेकोर पाळला तरी सर्वोत्तम संधी हाती लागण्याची शक्यताही साधारण ३७ टक्केच. म्हणजे शंभरातल्या त्रेसष्ट जणांनी गणित अचूक सोडवूनही हात चोळायचे. शिवाय भाच्याकडे ऑफर एकच होती. एका ऑफरचे सदतीस टक्के सोडून द्यायचे म्हणजे तिच्यातलं नेमकं काय सोडायचं? व्हेरिएबल?

सगळं अडलं होतं ते खराडीच्या एका कंपनीवर. तिथे रोबोटचंच काम. याच्या तीन फेऱ्या झालेल्या. तिसऱ्या फेरीत समोरचा माणूस हसला होता, आणि त्या हसण्यावर आमचा मुलगा महिनाभर तग धरून होता. विचारलं की उत्तर यायचं, “पोझिशन होल्डवर आहे.” मग तेही येणं थांबलं. तरी फोन वाजला की हा आंघोळ अर्धी टाकून धावायचा. दोनदा क्रेडिट कार्डवाले निघाले.

आता माझं मत. रटाळ कामाची एवढी धास्ती आम्हाला नव्हती. मी आयुष्य काढलं ते बँकेच्या क्लिअरिंगला. दुसऱ्यांचे चेक, दुसऱ्यांच्या खात्यात, दुसऱ्यांच्या पैशांचे. त्यात थरार असा एकच, फरक लागला तर. पण मला कुणी कधी विचारलं नाही की, तुम्हाला चेकबद्दल आतून काही वाटतं का. चेक वटला की संपलं. साडेपाचला टेबल आवरायचं आणि त्यानंतरचा माणूस माझा मी. मराठी नाटक या साडेपाचवर केवढं तरी जगलं. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. बँका, पोस्ट, एलआयसी, रेल्वे यांतली किती माणसं संध्याकाळी तालमीला पळायची, कामगार कल्याणच्या स्पर्धांत उतरायची. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपायाची नोकरी केली, मग मास्तर झाले. शिपाईगिरीबद्दल त्यांना पॅशन आहे का, हे तपासायला कुणी पॅनल बसवल्याचं ऐकिवात नाही. सगळेच काही कविता करत होते असंही नाही. आमच्या शाखेत बहुतेकजण साडेपाचनंतर कॅरम खेळायचे, आणि दोघेतिघे साडेपाचच्या आधीही. पण कॅरम तरी स्वतःच्या मर्जीने खेळायचे.

आता काम तेवढंच रटाळ आहे. वर ते आवडतंय असं तोंड करायला लागतं, आणि हा ओव्हरटाइम कुठल्याच स्लिपवर येत नाही. ग्रोमेटच्या जाहिरातीतही ‘पॅशनेट’ उमेदवार हवा असतो. अरे, रबरी कड्याची पॅशन असलेला माणूस खरोखरच दारात उभा राहिला तर आधी वॉचमनला बोलवाल. रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘टीम, क्विक अपडेट’ येतो आणि त्याला अंगठा दाखवला नाही तर सकाळी चेहऱ्याची चौकशी होते. कंटाळवाण्या कामाने माणूस झिजत असेल थोडा. कंटाळवाणं काम घरापर्यंत मागे आलं तर तो संपतो. म्हणून अशा ऑफरला विचारायचा प्रश्न एकच: संध्याकाळी सोडता किती वाजता?

“मामा, एचआरला असं विचारत नाहीत,” भाचा म्हणाला.

“मग ज्याला विचारतात त्याला विचारू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मागे बसून चाकण गाठलं. भोसरी, मोशी, मग चाकणच्या तळेगाव चौकात ट्रक आणि कंटेनरांच्या मधोमध इतका वेळ उभे राहिलो की तिथेच राहणाऱ्यांशी ओळख झाली असती. कारखान्याच्या गेटसमोर वडापावची टपरी होती. कंपनीबद्दल खरी माहिती हवी असेल तर तिच्या वेबसाइटवर जाऊ नये, समोरच्या टपरीवर जावं. पगार थकले की आधी टपरीवाल्याची उधारी वाढते, ऑर्डरी वाढल्या की आधी त्याचे पाव संपतात.

मी दोन वडापाव मागितले आणि सहज विचारलं, “सुटते कधी ही कंपनी?”

“जनरल शिफ्ट पाचला. बस सव्वापाचला हालती, कुनासाटी थांबत नाय.”

“क्वालिटीवाले?”

“ते महिनाअखेरला अडकत्यात. बाकी टायमात.”

“पगार वेळेवर?”

“सात तारखेला. उधारी त्याच दिवशी फिटती. पर काका, या कंपनीवर माझा धंदा नाय बगा. आतलं कॅन्टीनच बरंय. बाहेर खायला येतंय कोन?”

हे बोलताना तो बिचारा मनापासून दुखावलेला होता. कुठल्याही कंपनीला याहून चांगलं प्रशस्तिपत्रक मिळालेलं मी पाहिलेलं नाही. पाच वाजता भोंगा झाला. पोरं बाहेर आली. फार आनंदी दिसत होती असं नाही, पण पिळून वाळत घातलेलीही दिसत नव्हती. दोघंजण बसच्या दारातच क्रिकेटवरून भांडत होते. भांडायला त्राण उरलंय, ही मी जमेची बाजू धरली. सव्वापाचला बस हलली. एकजण धावत आला, हात करत राहिला, आणि बस थांबली नाही. भाचा त्या धावणाऱ्याकडे बघून हळहळला. मी मात्र ड्रायव्हरवर खूश होतो. त्या फाटकाच्या आत साहेबाला ओव्हरटाइमची हुक्की येऊ शकते, पण ड्रायव्हरला येत नाही.

त्या रात्री त्याने होकाराची मेल टाकली. तिच्यात ‘एक्सायटेड’ हा शब्द घातलाच. घालावा लागतो. ताईने पेढे आणले, अर्धा किलोच. एवढ्या ऑफरला तेवढेच, असं तिचं म्हणणं.

आता तो चाकणला जातो. पहिल्या पीपॅपमध्ये त्याच्या दोन चुका निघाल्या, दुसऱ्यात एक. रोबोटचा हात त्याने माळ्यावरून खाली काढलाय आणि संध्याकाळी त्याच्याशी खटपट करत बसतो. ताईचे दोन कप गेले.

खराडीची पोझिशन अजून होल्डवर आहे. तेव्हा वाचकांना एक विनंती. रोबोटिक्समध्ये कुणाकडे जागा असेल तर कळवा. त्याचं प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे आणि तेवढ्या काळात नोटीस पंधराच दिवसांची. इंटरव्ह्यू शक्यतो गुरुवारी ठेवावा. त्या दिवशी त्याला सुट्टी असते, आजींना आजारी पाडावं लागत नाही.